अंगच्छेदनोत्तर पुनर्वसन

अंगच्छेदनोत्तर पुनर्वसन : हात, पाय किंवा त्यांचा काही भाग शस्त्रक्रियेने काढून टाकावा लागल्यानंतर रुग्णाला पुन्हा हिंडता-फिरता यावे, स्वतःची कामे करता यावीत आणि कुटुंबात व समाजात पूर्वीचे स्थान मिळवता यावे यासाठी योजिलेल्या वैद्यकीय, मानसिक, व्यावसायिक व सामाजिक उपायांना ही संज्ञा देतात. कृत्रिम अवयव बसविणे हा या उपायांचा एक महत्त्वाचा भाग असला, तरी तो संपूर्ण पुनर्वसन नव्हे. उत्तम कृत्रिम पाय मिळूनही तो वापरण्याचे शिक्षण न मिळाल्यास रुग्ण कुबड्यांकडे वळतो व पाय घराच्या कोपऱ्यात पडून राहतो. याउलट, साध्या बनावटीचा पाय नीट बसविला गेला आणि त्याच्या वापराचे शिक्षण मिळाले, तर शेतीसारखे कष्टाचे कामही करता येते.

कारणे : मोठे अपघात, रोहिणीविकारामुळे (शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या विकारामुळे) किंवा मधुमेहामुळे होणारा कोथ, हाडांचा कर्करोग, तीव्र जंतुसंसर्ग, कुष्ठरोगातील चिघळलेल्या जखमा, विजेचा धक्का, भाजणे व युद्धातील जखमा ही अंगच्छेदनाची प्रमुख कारणे होत [→ मधुमेह, कोथ]. पाश्चात्त्य देशांत मधुमेह व रक्तवाहिन्यांचे विकार यांमुळे करावे लागणारे अंगच्छेदन अधिक असून असे रुग्ण बहुधा उतारवयाचे असतात. भारतात रस्ते, रेल्वे, कारखाने व शेती यांतील अपघातांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे ऐन उमेदीतील कमावत्या व्यक्तींवर हा प्रसंग अधिक वेळा ओढवतो आणि पुनर्वसनाच्या प्रश्नाला कुटुंबाच्या चरितार्थाचे परिमाण लाभते. मधुमेहाचा प्रसार वाढल्यामुळे भारतातही दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांची संख्या वाढत आहे.

इतिहास : ऋग्वेदात विश्पलेची कथा आली आहे. युद्धात तिचा पाय तुटला असता अश्विनीकुमारांनी तिला धातूची जंघा बसवून दिली, असा तीत उल्लेख आहे. ईजिप्तमधील एका ममीच्या पायाला बसविलेला लाकूड व कातडे यांचा अंगठा सु. तीन हजार वर्षांपूर्वीचा असून तो प्रत्यक्ष सापडलेल्या कृत्रिम अवयवांपैकी अतिप्राचीन मानला जातो. सोळाव्या शतकात आंब्र्‌वाझ पारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाने अंगच्छेदनानंतर तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याऐवजी रक्तवाहिन्या बांधण्याची पद्धत रूढ केली, तसेच सांधे असलेले कृत्रिम हात व पाय तयार करविले. १८४६ मध्ये रॉबर्ट लिस्टन यांनी लंडन येथे ईथराची भूल देऊन मांडीतून अंगच्छेदन केले आणि १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुरोधक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली. या दोन शोधांमुळे घाईने पाय तोडण्याची गरज उरली नाही व पुढे कृत्रिम अवयव नीट बसेल अशा रीतीने खुंटाची (उरलेल्या भागाची) रचना करणे शक्य झाले. दोन्ही महायुद्धांनंतर अपंग सैनिकांची संख्या फार वाढल्यामुळे पुनर्वसन ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून विकसित झाली.

अंगच्छेदनाची पातळी : अवयव कोठे तोडला यावर पुढील पुनर्वसन मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. शस्त्रक्रियेच्या वेळी शक्य तेवढा भाग राखणे व विशेषतः गुडघा वाचविणे यांस फार महत्त्व आहे. गुडघ्याखाली पाय तोडलेल्या व कृत्रिम पाय लावून चालणाऱ्या तरुण अपघातग्रस्ताला सपाटीवर चालण्यास निरोगी माणसापेक्षा सु. २५ टक्के अधिक ऊर्जा लागते. गुडघ्याच्या वर पाय तोडलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हे प्रमाण ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे असे रुग्ण आपोआपच हळू चालतात. हृदयविकार किंवा अशक्तपणा असलेल्या वृद्धाला गुडघ्यावरील कृत्रिम पाय पेलेल की नाही, याचा विचार आधीच करावा लागतो. काहींच्या बाबतीत चाकांची खुर्ची हाच योग्य पर्याय ठरतो.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ : पुनर्वसनाचा आरंभ जखम भरल्यावर नव्हे, तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून होतो. या काळात पुढील गोष्टींकडे लक्ष पुरवितात.

(१) सांधे आखडू न देणे : वेदना कमी व्हावी म्हणून रुग्ण गुडघा व खुबा वाकवून पडून राहतो. नातेवाईकही मायेपोटी खुंटाखाली उशी देतात. त्यामुळे काही आठवड्यांतच सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग कृत्रिम पायावर सरळ उभे राहता येत नाही. म्हणून गुडघ्याखाली किंवा मांडीखाली उशी ठेवत नाहीत, खाटेच्या कडेवरून खुंट लोंबता ठेवत नाहीत व दीर्घकाळ बसून राहू देत नाहीत. दिवसातून दोन-तीन वेळा १५ ते २० मिनिटे पालथे निजणे हा साधा व बिनखर्चाचा उपाय खुबा सरळ राखण्यास फार उपयुक्त ठरतो.

(२) खुंटाला आकार देणे : शस्त्रक्रियेनंतर खुंट सुजलेला असतो. तो निमुळता व घट्ट व्हावा म्हणून लवचिक पट्टा इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे तिरपा गुंडाळतात. पट्ट्याचा दाब टोकाशी सर्वांत जास्त व वर क्रमाने कमी असावा लागतो. दाब उलट झाल्यास रक्त टोकाशी साकळते व खुंट कंदासारखा फुगतो. आडवे वेढे दिल्यास खुंट आवळला जातो. पट्टा सैल होत असल्यामुळे तो दिवसातून अनेकदा सोडून पुन्हा बांधावा लागतो. त्यामुळे ही कृती रुग्णाला व घरातील एका व्यक्तीला रुग्णालयातच शिकवितात.

(३) बळ राखणे : खुंटाचे स्नायू, दुसरा पाय, पाठ, पोट व दंड यांचे व्यायाम देतात. कुबड्यांवर चालताना शरीराचा भार काखेवर न घेता तळहातांवर घ्यावा लागतो, कारण काखेतील तंत्रिकांवर दाब पडून हात लुळा पडण्याचा संभव असतो.

टाके साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांनी काढतात. मधुमेही रुग्णांत जखम भरण्यास अधिक काळ लागतो.

आभासी अवयव : तोडलेला हात वा पाय अजून जागेवर आहे, त्याची बोटे हलतात किंवा त्यांना खाज सुटते, असे बहुतेक सर्व रुग्णांना जाणवते. अमेरिकन तंत्रिकाविज्ञ सायलस वेअर मिचेल यांनी यादवी युद्धातील जखमी सैनिकांच्या निरीक्षणावरून १८७१ मध्ये या संवेदनेला ‘आभासी अवयव’ या अर्थाची संज्ञा दिली. पुष्कळ रुग्णांत या जागी आग होणे, मुरगळल्यासारखे वाटणे, कळ मारणे अशा वेदनाही होतात. मेंदूतील त्या अवयवाचे क्षेत्र कायम राहते, तर त्याच्याकडून येणारे संदेश थांबलेले असतात. या विसंगतीशी या वेदनांचा संबंध आहे. हा वेडाचा प्रकार किंवा बाधा नव्हे, हे रुग्णाला व घरच्यांना प्रारंभीच समजावून सांगणे आवश्यक असते. कित्येक रुग्ण लोक हसतील या भीतीने ही वेदना महिनोन्‌महिने लपवितात. खुंट चोळणे, पट्टा बांधणे, कृत्रिम अवयव वापरणे व तंत्रिकांवर परिणाम करणारी औषधे यांनी अनेकांना आराम पडतो. १९९० नंतरच्या दशकात व्ही. एस्. रामचंद्रन यांनी आरशाचा उपाय सुचविला. त्यात शाबूत अवयवाचे प्रतिबिंब गेलेल्या अवयवाच्या जागी दिसेल असा आरसा ठेवून दोन्ही अवयव हलविल्याची कल्पना करावयाची असते. खुंटात तुटलेल्या तंत्रिकेच्या टोकाशी झालेली गाठ (तंत्रिकार्बुद) हे वेदनेचे वेगळे कारण असून तिच्यावर वेगळे उपचार करावे लागतात.

कृत्रिम पाय : याचे मुख्य भाग म्हणजे खुंट जिच्यात बसतो ती खोबण, भार वाहणारी नळी, गुडघ्यावरील अंगच्छेदन असल्यास सांधा, पाऊल आणि पाय अंगाला धरून ठेवणारी योजना. यांपैकी खोबण सर्वांत महत्त्वाची होय. तिच्यासाठी खुंटाचा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये साचा घेतात, त्यावरून ओतीव प्रतिकृती करतात व ती ठिकठिकाणी तासून वा भरून दुरुस्त करतात. गुडघ्याखालील खुंटात वाटीच्या खालचा कंडरा व नडगीच्या हाडाची आतली उतरती बाजू यांना दाब सोसतो, तर नडगीची धार, बाहेरच्या बारीक हाडाचे डोके व खुंटाचे टोक यांना तो सोसत नाही. भार सोसणाऱ्या जागी खोबण घट्ट व नाजूक जागी मोकळी ठेवणे, यातच कारागिराचे कौशल्य असते. पूर्वी लाकूड, कातडे व ॲल्युमिनियम वापरीत. आता प्लॅस्टिकचे विविध प्रकार, राळयुक्त थर व कार्बन तंतू वापरतात.

पाश्चात्त्य बनावटीचे पाऊल बुटात घालून चालण्यासाठी केलेले असे. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, अनवाणी देवळात जाणे, चिखलातून चालणे या भारतीय जीवनातील क्रिया त्यावर जमत नसत. ही अडचण ओळखून जयपूर येथील कारागीर रामचंद्र शर्मा व अस्थिशल्यचिकित्सक प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास ‘जयपूर पाय’ तयार केला. व्हल्कनीकरण केलेले रबर, स्पंजासारखे रबर व लाकूड यांच्या या पावलाला बूट लागत नाही. ते पाण्याने खराब होत नाही व सर्व बाजूंनी काहीसे वाकते. सेठी यांना १९८१ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये जयपूर येथे स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय विनामूल्य देण्याचे कार्य देशभर व देशाबाहेर नेले. मुंबईत वाढलेल्या नर्तकी सुधा चंद्रन यांनी १९८१ मधील अपघातात पाय गमावल्यानंतर जयपूर पाय लावून पुन्हा भरतनाट्यम् सादर केले. त्यामुळे या पायाची माहिती घरोघर पोहोचली.

पायाशी जुळवून घेणे : जखम भरून सूज ओसरल्यावर, बहुधा सहा ते दहा आठवड्यांनी, तात्पुरता पाय देतात. पहिल्या दिवसांत तो १५ ते ३० मिनिटेच लावून काढतात व त्वचा तपासतात. भार सोसणाऱ्या जागी आलेली लाली थोड्या वेळात मावळली, तर चिंता नसते. ती टिकून राहिली किंवा फोड आला, तर खोबणीत दुरुस्ती करावी लागते. अशा स्थितीत सवय होईल या समजुतीने चालत राहिल्यास जखम होते व पुन्हा कित्येक आठवडे पाय लावता येत नाही. चालण्याचे शिक्षण समांतर दांड्यांमध्ये सुरू होते. प्रथम कृत्रिम पायावर भार घेणे, मग एका पायावरून दुसऱ्यावर भार नेणे व त्यानंतर पावले टाकणे, असा क्रम असतो. जिना चढताना चांगला पाय आधी व उतरताना कृत्रिम पाय आधी टाकतात. पडल्यास कसे सावरावे व जमिनीवरून कसे उठावे, हेही शिकवितात.

खुंट वर्ष-दीड वर्षपर्यंत बारीक होत राहतो. त्यामुळे खोबण सैल होऊन खुंट खाली घसरतो व टोकाशी दुखू लागते. प्रारंभी अधिक मोजे घालून ही उणीव भरून काढतात व पुढे खोबणच बदलतात. पाय दुखू लागला म्हणजे तो निकामी झाला असे नसून बहुधा खोबण बदलण्याची वेळ आलेली असते. ही माहिती नसल्यामुळे अनेक रुग्ण याच टप्प्यावर पाय टाकून देतात. मोजा रोज धुतलेला व कोरडा असावा. खुंट रात्री धुऊन कोरडा करावा, कारण सकाळी धुतल्यास ओलसर त्वचा खोबणीत घासली जाते. मधुमेही रुग्णाने खुंटाबरोबरच उरलेला पाय रोज, तळवा आरशात पाहून, तपासणे अत्यावश्यक असते, कारण त्याच विकाराने तो पायही गमावण्याचा धोका असतो.

हात व मुलांचे प्रश्न : हाताच्या बाबतीत स्पर्शज्ञान परत मिळत नसल्यामुळे जुळवून घेणे अधिक कठीण जाते. दुसऱ्या खांद्याच्या हालचालीने तार ओढून उघडमीट होणारा आकडा दिसण्यास ओबडधोबड, पण कामास मजबूत असतो. केवळ शोभेचा हात हलका असतो. स्नायूंमधील सूक्ष्म विद्युत् संकेतांवर चालणारे हात महाग असतात. हात शक्य तितक्या लवकर दिल्यास रुग्ण तो वापरतो. उशीर झाल्यास एका हाताने सर्व करण्याची सवय लागते. भारतात २०१५ मध्ये कोची येथे मृत दात्याच्या दोन्ही हातांचे प्रतिरोपण यशस्वी झाले व पुढे मुंबईतही अशा शस्त्रक्रिया झाल्या. मात्र त्यानंतर शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. वाढत्या मुलांचा कृत्रिम पाय वारंवार बदलावा लागतो, तसेच खुंटातील हाड त्वचेपेक्षा वेगाने वाढून टोचू लागल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

मानसिक बाजू : अवयव जाणे हे आप्त गेल्यासारखेच दुःख असते. नकार, संताप, खिन्नता व क्रमाने स्वीकार असे त्याचे टप्पे अनेकांत दिसतात. पण त्यांचा क्रम ठरलेला नसतो. कमावत्या पुरुषाला आपण घरावर भार झालो असे वाटते. स्त्रीला संसारातील स्थान व अविवाहित मुलीला विवाह यांची चिंता ग्रासते. घरच्यांनी सर्व कामे हातातून काढून घेणे हे प्रेमाचे असले, तरी अपायकारक ठरते. पूर्वी अशाच अवस्थेतून गेलेल्या व्यक्तीची भेट हा पुष्कळदा सर्वांत परिणामकारक उपचार ठरतो. १९७१ च्या युद्धात पाय गमावलेले इयान कार्डोझो यांनी लष्करी सेवा न सोडता शारीरिक क्षमतेच्या कसोट्या पुऱ्या केल्या. पायदळाच्या पलटणीचे नेतृत्व करणारे ते पहिले युद्धविकलांग भारतीय अधिकारी ठरले व मेजर जनरल पदापर्यंत पोहोचले.

महाराष्ट्रातील कार्य : दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुणे येथे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. सैनिकांबरोबर नागरिकांनाही त्याचा लाभ मिळत आला आहे. मुंबई येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिकी चिकित्सा व पुनर्वसन संस्थेची स्थापना झाली. हाजी अली येथील या संस्थेत उपचारांबरोबर तज्ञांचे शिक्षणही चालते.

रुग्णाला त्याच्या कामाकडे परत नेणाऱ्या व्यवसायोपचार या शास्त्राचा भारतातील पाया कमला निंबकर (१९००–७९) यांनी घातला. जन्माने अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लुंडी विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून भारतात आल्या व कमला निंबकर झाल्या. व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयात या विषयाचे आशियातील पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ञ संघटनेच्या त्या संस्थापक अध्यक्षा होत्या. त्यांचे चिरंजीव, कृषितज्ञ बनबिहारी निंबकर यांच्यामुळे या कुटुंबाचा सातारा जिल्ह्यातील फलटणशी संबंध जडला. तेथे मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या शाळेला ‘कमला निंबकर बालभवन’ असे नाव दिलेले आहे. हात किती अंश वळतो यापेक्षा त्या हाताने रुग्णाला काय करता येते, हे पाहणे हा व्यवसायोपचाराचा गाभा होय.

ग्रामीण भागातील पुनर्वसनाच्या अडचणी फलटणसारख्या तालुक्याच्या उदाहरणाने स्पष्ट होतात. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यामुळे या भागात उसाची शेती व साखर कारखाने वाढले. उसाचा चरक, कडबाकुट्टी यंत्र, मळणी यंत्र, उसाच्या ट्रॉल्यांची वाहतूक यांमुळे अवयव गमावण्याचे धोकेही अशा भागात असतात. फलटणहून पुणे सु. ११० किमी. अंतरावर आहे. पाय घेण्यासाठी एकदा तेथे जाणे बहुतेकांना जमते. परंतु माप, जुळणी, चालण्याचे शिक्षण व दुरुस्ती यांसाठी अनेक फेऱ्या कराव्या लागतात. प्रत्येक फेरीत रुग्णाची व सोबत्याची मजुरी बुडते. शिबिरात एका दिवसात पाय मिळाला, तरी सहा महिन्यांनी खोबण सैल झाल्यावर तो कोठे न्यावयाचा हा प्रश्न उरतोच. शिवाय काळ्या रानातील भेगा व चिखल, पाण्याचे पाट, बांध व उकिडवे बसण्याचे शौचकूप यांवर शहरी केंद्रातील गुळगुळीत फरशीवर शिकलेले चालणे पुरे पडत नाही. म्हणून उतार, वाळू व खडबडीत जमीन यांवरील सराव, तसेच खुरपणी, धार काढणे, चुलीपाशी बसणे यांसारख्या कामांचा अभ्यास शिक्षणात समाविष्ट करावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीची सोय व गावातील आरोग्यसेवकांना पट्टा बांधणे, पालथे निजविणे व त्वचा तपासणे यांचे शिक्षण मिळाले, तर थोड्या खर्चात मोठा लाभ होऊ शकतो.

कायदे व साहाय्य : कृत्रिम अवयव व साधने तयार करण्यासाठी केंद्र शासनाने १९७२ मध्ये कानपूर येथे निगम स्थापन केला व १९८१ पासून गरजूंना साधने पुरविण्याची योजना राबविली. १९९५ च्या कायद्याने विकलांग व्यक्तींना समान संधीचे हक्क दिले. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. या सवलतींसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. ते मिळविण्याची माहिती रुग्णालयातून घरी पाठवितानाच रुग्णाला देणे इष्ट ठरते.

पुनर्वसनाचे यश किती पाय वाटले यावरून ठरत नाही. वर्षभरानंतर रुग्ण तो पाय दिवसातून किती तास वापरतो, त्याच्या आधाराने कोणते काम करतो व दुखल्यास कोणाकडे जाऊ शकतो, यांवरून ते मोजावे लागते.